दारू एकदम थांबते तेव्हा : मेंदूतील रसायने व यकृतातील विकरे

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडसारखे सदैव गजबजलेले रस्ते ओस पडले, आणि कर्नाटकातील मद्याची दुकाने ४ मेपर्यंत बंद राहिली. अनेक घरांना हे दिवस सुटकेचे वाटले असतील. परंतु याच काळात बंगळुरूच्या रुग्णालयांत, मद्य एकाएकी थांबल्यामुळे गंभीर आजारी पडलेल्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाल्याचे निम्हान्स संस्थेच्या डॉक्टरांनी नोंदविले. ज्या गोष्टीने शरीराची हानी होते ती बंद झाल्यावर माणूस आजारी का पडावा?

मेंदूतील पेशी रासायनिक संदेशवाहकांच्या साह्याने एकमेकींशी बोलतात. त्यांपैकी ‘गाबा’ हे द्रव्य पेशींना शांत करते, तर ‘ग्लुटामेट’ उत्तेजित करते. मद्य गाबाचा परिणाम वाढवते व ग्लुटामेटचा दाबून टाकते. म्हणूनच जीभ अडखळते, तोल जातो. हे रोजच घडू लागले की मेंदू स्वतःला उलट दिशेने बदलून घेतो. गाबाचा संदेश स्वीकारणारी केंद्रे बोथट होतात, ग्लुटामेटची वाढतात. ब्रेक सतत दाबलेला असताना गाडी चालती ठेवण्यासाठी चालकाने अ‍ॅक्सिलरेटरही दाबून धरावा, तसा हा प्रकार आहे. पहिली मात्रा पुरेनाशी होते ती बऱ्याच अंशी यामुळे. आता ब्रेकवरचा पाय एकदम काढला तर गाडी उधळणारच. (डोपामिनविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. मद्याची ओढ लागण्याशी त्याचा संबंध आहे. पण जीव जातो तो या दुसऱ्या बिघाडाने.)

शेवटच्या पेयानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत. याला बाहेरची बाधा समजून उपचारास उशीर केला जातो, आणि हा उशीर प्राणघातक ठरू शकतो.

यकृतातील कथा वेगळी आहे. तेथे एक विकर मद्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर करते आणि दुसरे विकर त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट बनविते. नित्य पिणाऱ्याच्या यकृतात याखेरीज सीवायपी-२ई१ नावाचे तिसरे विकर वाढते. तेच विकर पॅरासिटामॉलच्या काही भागाचे विषात रूपांतर करते. त्यामुळे डोके दुखते म्हणून वारंवार गोळ्या घेणाऱ्या मद्यपीचे यकृत अधिक धोक्यात असते.

दुसऱ्या विकराला अडविणारे औषध म्हणजे डायसल्फिराम. १९४८ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी त्याचा हा गुण प्रसिद्ध केला. ते घेतलेल्याने दारू प्यायल्यास अ‍ॅसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आपल्याकडे कित्येक कुटुंबे हे औषध चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळतात. त्यांची अगतिकता समजण्यासारखी आहे, तरीही हे करू नये. रुग्णाला ठाऊक नसेल तर तो पिणारच, आणि हृदय दुर्बल असेल तर मरणही ओढवू शकते.

ब-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची गोष्ट राहिली. मेंदूला साखरेपासून ऊर्जा मिळवून देणारी काही विकरे थायमिनशिवाय चालत नाहीत. मद्यपी जेवत कमी. जे खातो त्यातील थायमिन आतड्यांत नीट शोषलेही जात नाही. मग डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल डगमगते, गोंधळ उडतो. वेळीच इंजेक्शन न मिळाल्यास नव्या आठवणी साठविण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावताना थायमिन आधी किंवा सोबतच द्यावे लागते. नुसत्या ग्लुकोजने उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते.

आपल्या वर्गात कामकरी घरांतील विद्यार्थी असतात. ‘अब्बांनी परवापासून सोडली, पण हात फार कापतात’ असे एखादीने सांगितले तर शाबासकीपूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : शेवटचे केव्हा प्याले, आणि पूर्वी कधी फिट आली होती काय. फिट, ताप वा भ्रम असल्यास १०८ क्रमांकावर फोन करून विद्यानगरच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. बाकीच्यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी. धारवाडच्या डिम्हान्समध्ये ही सोय आहे. तेथे उधळलेला मेंदू औषधांनी काही दिवस शांत ठेवतात व मात्रा हळूहळू उतरवितात.