बारगिराचे चाक

शिलेदार कोण आणि बारगीर कोण, हे आपल्या घरांतून निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिंदे-होळकरांच्या वा गायकवाडांच्या पागेबरोबर ज्यांचे पूर्वज इकडे आले, त्या कुटुंबांत हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यात होते. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस उभा राहणारा तो शिलेदार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगिराचा घोडा सरकारचा, तेव्हा हुकूम होताच त्यावरून पायउतार व्हावयाचे, हेही ओघानेच आले. हे जुने शब्द मला आठवले ते मात्र एका परदेशी शर्यतीचा इतिहास वाचताना. ती शर्यत घोड्यांची नव्हे, सायकलींची.

‘तूर द फ्रान्स’ हे नाव वाचकांच्या कानांवरून गेले असेल. 1903 साली ती सुरू केली एका दैनिकाने. ‘लोटो’ हे त्याचे नाव आणि आंरी देग्रांज हे त्याचे संपादक. खप वाढावा हा सरळ व्यापारी हेतू. तो सफळही झाला. पहिल्या वर्षी टप्पे सहाच होते. 1910 साली ही शर्यत पिरेनीजच्या उंच घाटांत शिरली, पुढच्या वर्षी आल्प्समध्ये. तूरमालेची खिंड 2,115 मीटर उंच. त्या काळी तेथला रस्ता म्हणजे दगडधोंड्यांची पायवाट. 1919 पासून आघाडीवरच्या स्वाराला पिवळी जर्सी देऊ लागले. आज ही शर्यत तीन आठवडे आणि 21 टप्पे चालते. रोज लागलेल्या वेळेची बेरीज करावयाची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता.

विजेता एक, पण शर्यत संघांची. 2018 पासून प्रत्येक संघात आठ स्वार असतात. त्यांपैकी एकाने जिंकावे म्हणून बाकीचे सात राबतात. सपाटीवर वारा अंगावर घेत पुढे चालायचे, म्हणजे मागच्या नायकाचे श्रम बरेच वाचतात. मोटारीपर्यंत मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणायच्या. घाटाच्या चढावर वेग मंदावतो, तेव्हा आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही. तेथे एकेक सोबती आपली शक्ती संपेपर्यंत नायकाला ओढून नेतो आणि मग बाजूला होतो. दिवसाच्या निकालात असला गडी अर्ध्या तासाने मागे दिसतो. त्याचे काम चोख झाले, याची तीच पावती.

अशा स्वाराला फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. हा शब्द शिवी म्हणून रूढ झाला. 1911 साली मोरिस ब्रोको नावाच्या स्वाराने आपली जिंकण्याची आशा संपल्यावर दुसऱ्याला मदत करण्याचे पत्करले, तेव्हा देग्रांजनी त्याला हा शब्द बहाल केला. ब्रोकोने लगेच डोंगराचा एक टप्पा जिंकून आपली योग्यता दाखवली. तरी त्याला बाद करण्यात आले. शिवी मात्र टिकली, आणि पुढे पेशाचे नाव झाली.

1930 साली देग्रांजनी व्यापारी कंपन्यांचे संघ मोडून राष्ट्रांचे संघ केले आणि सर्वांना आपल्याकडून एकाच तऱ्हेच्या, बिननावाच्या पिवळ्या सायकली दिल्या. म्हणजे शिलेदारही बारगीरच झाले! या राष्ट्रसंघांच्या काळातच रेने व्हिएतोची गोष्ट घडली.

1934 साली व्हिएतो वीस वर्षांचा होता. कान शहरातल्या एका हॉटेलात पोऱ्याचे काम केलेला हा मुलगा फ्रान्सच्या संघात प्रथमच आला होता. आल्प्समध्ये त्याने एकामागून एक टप्पे मारले. त्यांतला एक तर खुद्द कानमध्ये संपणारा. पण पिवळी जर्सी त्याच संघातल्या आंतोनँ मान्येच्या अंगावर होती, आणि त्याच्या मागे इटलीचा मार्टानो लागला होता. पिरेनीजमधील प्युईमोरँसच्या उतारावर मान्येचे पुढचे चाक मोडले. व्हिएतोने आपले चाक काढून दिले. मान्ये निघून गेला. हा मागून येणाऱ्या सामानाच्या गाडीची वाट पाहत दगडी कठड्यावर बसला. शेजारी एका चाकाची सायकल, आणि तोंडावर रडे. हे छायाचित्र मी पुष्कळदा पाहिले आहे. पोर अजून मिसरूड फुटायच्या वयाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी पोर्ते दास्पेच्या उतारावर मान्येची सायकल पुन्हा मोडली. व्हिएतो तेव्हा पुढे निघून गेला होता. तो मागे वळला, उतरलेला रस्ता पुन्हा चढला आणि या खेपेस त्याने आख्खी सायकलच दिली. शर्यत मान्येने जिंकली. डोंगरांच्या राजाचे बक्षीस व्हिएतोला मिळाले. एकूण क्रमांक पाचवा.

फ्रान्समध्ये तेव्हापासून म्हणतात की त्या चाकाबरोबर त्याची शर्यत गेली. हिशेब तसे सांगत नाही. अखेरीस तो मान्येच्या जवळजवळ तासभर मागे होता. कठड्यावर गेली ती काही मिनिटे. पुढेही शर्यत त्याच्या हाती आली नाही. 1939 साली दुसरा आला. 1947 साली कित्येक दिवस पिवळी जर्सी अंगावर वागवली आणि घड्याळाविरुद्धच्या 139 किलोमीटरांच्या लांबलचक टप्प्यात ती गमावली. 1988 साली तो वारला.

तरीही लोकांनी ‘राजा रेने’ म्हटले ते त्यालाच. या त्यागाचे गोडवे गाण्यास माझी लेखणी मात्र सहज वळत नाही. मोठेपणाने दिले असे आपण म्हणतो, पण मोठेपणाने देणारा ढसढसा रडत नाही. त्याच्यावर कर्तव्य येऊन पडले होते, आणि आपल्या पायांत काय बळ आहे हे त्याला पुरते ठाऊक होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, म्हणून ते रडे. मला वाटते, लोकांना भिडले ते चाक देणे नव्हे; देताना जे दुखले ते त्याने लपवले नाही, हे भिडले. बहुतेक जण मुकाट्याने देतात, आणि मग त्यांनी दिले होते हेच कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आपल्या घरांतल्या बखरी, वंशावळी, सनदा उलगडून पाहाव्या. सरदारांची नावे ठसठशीत आहेत, शिलेदारांची अधूनमधून सापडतात. बारगिरांचा आकडा असतो: अमुक इतके स्वार. त्या आकड्यात कोणी धन्याखाली घोडा पडताच आपला पुढे केला असेल, आणि मग एखाद्या घाटात दगडावर बसून राहिला असेल. त्याचे चित्र कोणी काढले नाही. यंदा जुलैत कोणी दूरचित्रवाणीवर आल्प्स-पिरेनीजमधली ही शर्यत पाहणार असेल, तर पिवळ्या जर्सीवरून नजर थोडी काढून, चढावर बाजूला होऊन मागे पडणाऱ्या त्या स्वाराकडेही क्षणभर पाहावे. आपल्यातल्या पुष्कळांचे नाते, खरे पाहता, त्याच्याशी आहे.