पोटातली आवणी

ए दोस्ता, कर्जत स्टेशनाला लागूनच भिसेगाव आहे, माहितेय ना? पावसाळ्यात तिथून जरा गावाबाहेर पडायचं. जिकडे बघावं तिकडे भाताची खाचरं! पोटऱ्यांपर्यंत चिखल, वाकून आवणी करणारी माणसं, आणि रोपं अशी हिरवीगार की बघतच राहावं.

आता मला सांग, त्यातलं एखादं रोप किती उंच होणार, हे कोण ठरवतं?

बियाणं! बरोब्बर! कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे. 'कर्जत ३', 'कर्जत ७', 'कर्जत १८४' हे वाण तिथलेच. काही वाण उंच वाढतात, काही बुटके राहतात. बुटकेपणा बियाण्यातच असतो, जनुकात. जनुक म्हणजे पेशीत लिहून ठेवलेली सूचना. भाताच्या 'एसडी१' नावाच्या एका जनुकात जरासा बदल झाला की रोप बुटकं राहतं. आणि गंमत बघ, शेतकऱ्याला ते आवडतं! बुटकं रोप वाऱ्यापावसात लोळत नाही.

पण थांब! तेच बियाणं दोन खाचरांत लावलं. एकात माती कसदार. दुसऱ्यात मुळांना कीड लागलेली. मग? दुसऱ्यातलं रोप खुरटणारच! बियाणं बिचारं काय करील?

माणसांच्या बाळांचंही असंच आहे. "आमचं घराणंच बुटकं हो," असं आजी म्हणते ना, तेव्हा ती सगळं बियाण्यावर ढकलते. आजीचं थोडं खरंही आहे. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी ५४ लाख माणसांची आनुवंशिक माहिती पडताळली. उंचीशी संबंध असलेल्या जागा किती सापडल्या असतील? दहा? शंभर? अंहं. १२,१११!

आता आजीला कोड्यात टाकणारी गोष्ट सांगू? जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपली दिल्ली! घरं मात्र अशी निवडली, जिथे बाळाला आईचं दूध, पुरेसं खाणं, स्वच्छ पाणी, सगळं मिळत होतं. दिल्लीचे आईबाबा नॉर्वेच्या आईबाबांपेक्षा ठेंगणे. मग बाळंही ठेंगणीच असणार, नाही का?

चूक! पाच वर्षांची होईपर्यंत सगळीकडची बाळं सरासरीनं जवळजवळ सारखीच वाढली! २००६ मध्ये याच मापांवरून वाढीचे तक्ते तयार झाले. आपल्या अंगणवाडीतही तेच वापरतात.

आणि आपल्या महाराष्ट्रात? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. एवढी सगळी घराणी काही बुटकी नसतात!

पहिलं कारण सरळ आहे. पोटभर आणि सकस खायला मिळत नाही. कर्जत-खालापूरच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर हाताला काम नसलं की भाकरीबरोबर डाळ नाही, अंडं तर दूरच. दिवाळी झाली की कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात. बाळही आईबरोबर जातं, अंगणवाडी मात्र गावातच राहते!

पण कधी कधी बाळ खातं, तरीही वाढत नाही. खाल्लेलं जातं कुठे? त्यासाठी आपल्याला थेट पोटात उतरायला हवं. चल!

हे बघ लहान आतडं. मोठ्या माणसात ते सुमारे सहा मीटर लांब असतं. त्याच्या आतल्या बाजूला इवले इवले अंकुर असतात, एक मिलिमीटरही उंच नसतील. त्यांना रसांकुर म्हणतात. भाताची मुळं चिखलातून अन्न शोषतात, आणि हे रसांकुर तू खाल्लेल्या वरणभातातून. म्हणजे तुझ्या पोटात आवणी झालेली आहे! सगळे रसांकुर उलगडून सपाट पसरले तर अर्धं बॅडमिंटन कोर्ट झाकलं जाईल. आणि त्यांच्यावरचा थर दर तीन ते पाच दिवसांनी नवाकोरा होतो. या रविवारी होता तो पुढच्या रविवारी नसतो!

आता किडीकडे येऊ. बाळ रांगतं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. अंगणात कोंबडीची शिट असते, कुणी उघड्यावर बसलेलं असतं, पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं. तिथून जंतू पोटात शिरतात. शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, जिआर्डिया, नावं तरी बघ कशी! ते पुन्हा पुन्हा आले की रसांकुर आखूड आणि बोथट होतात. आतड्याचा पडदा झिरपू लागतो. शिवाय जे थोडं अन्न अंगी लागतं, त्यातलं बरंचसं जंतूंशी लढण्यातच संपतं. हाडं वाढवायला उरणार काय?

"पण मग बाळाला जुलाब होत असतील ना?" असं विचारशील. इथेच तर शास्त्रज्ञही चकित झाले! आठ देशांतल्या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला, त्यात आपलं वेल्लोरही होतं. जुलाब नाहीत, ताप नाही, बाळ मजेत खेळतंय, तरी पोटात हे जंतू सापडले. आणि ज्यांच्या पोटात ते वरचेवर सापडले, ती बाळं उंचीत मागे पडली. गुपचूप! कुणाला पत्ताही नाही.

आता आणखी एक कोडं. बांगलादेशात ढाक्याच्या मिरपूर वस्तीत मुलांना आमांशाच्या अमीबाची लागण व्हायची. गल्ली एकच, पाणी एकच. तरी काहींना लागण पुन्हा पुन्हा, काहींना क्वचितच. असं का?

उत्तर २०११ मध्ये हाती लागलं, आणि ते होतं जनुकात! आपल्या शरीरातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते. ते मेंदूला कळवतं, "साठा भरपूर आहे, खाणं पुरे!" १९९४ मध्ये ते सापडलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे होतं. पण आतड्याच्या पेशीही लेप्टिनचं ऐकतात! अमीबाला तोंड द्यायला त्यांना ते लागतं. ऐकण्यासाठी पेशीवर एक प्रथिन असतं, हजाराहून जास्त दुव्यांची साखळीच ती. काही मुलांच्या साखळीत फक्त २२३ वा दुवा वेगळा होता. एकच दुवा! तेवढ्यानं त्यांना अमीबाची लागण होण्याची शक्यता जवळजवळ चौपट झाली.

त्यात कुपोषित बाळाच्या अंगावर चरबीच कमी. म्हणजे लेप्टिनही कमी. दोन्हीकडून अडचण!

म्हणजे बघ, बियाणं मागच्या दारानं परत आलं. भाताचे सगळे वाण करपा रोगाला सारखेच बळी पडत नाहीत ना? तसंच हे. या जनुकानं उंची नाही ठरवली, कीड किती लागेल ते ठरवलं. मला तर हे १२,१११ पेक्षाही भारी वाटतं.

मग संडास बांधले, साबणानं हात धुतले, की झालं काम? बांगलादेशातच एका मोठ्या प्रयोगात हेही करून पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला. जुलाब कमी झाले. छान! पण उंची? तेवढ्यानं वाढली नाही! ज्या बाळांना जास्तीचा पोषक आहार दिला, त्यांचीच थोडी वाढली. जंतूंच्या वाटा इतक्या असतात की एकदोन बुजवून भागत नाही. काही शास्त्रज्ञ तर आता अंगणातल्या कोंबड्यांच्या मागे लागलेत!

घाई मात्र करावी लागते. आईच्या पोटात असल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारे हजार दिवस सगळ्यात मोलाचे. त्या वेळी बाळ खुरटलं की पुढे भरून काढणं फार कठीण. म्हणून तर कुपोषण कमी करण्यासाठी २००५ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ मिशननं पुढे या वयाच्या बाळांवर विशेष भर दिला, आणि म्हणूनच अंगणवाडीच्या ताई बाळांची मापं घेत असतात.

तुझ्या घरी छोटं भावंड असेल तर माप घेताना नीट बघ. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फळीवर आडवं झोपवून मोजतात. त्याहून मोठ्याला उभं करून. यात अदलाबदल का करायची नाही, माहितेय? तेच मूल झोपून मोजलं तर उभ्यापेक्षा सुमारे ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं! खोटं वाटतंय? आण टेप, आणि दादाला सांग तुला मोजायला. आधी उभं, मग आडवं!