सशांचा धुमाकूळ आणि वाचनाचा वेग

इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली डिस्लेक्सिया असलेल्या, म्हणजे वाचताना अडखळणाऱ्या वीस मुलांवर एक प्रयोग केला. त्यांना पुस्तक न देता गेम दिला. रेमन रेव्हिंग रॅबिड्स नावाचा, वेडसर सशांचा धुमाकूळ असलेला, तसा आचरटच. निम्म्या मुलांना त्यातले धावपळीचे भाग खेळायला दिले, निम्म्यांना संथ भाग. रोज ८० मिनिटं, अशी नऊ सत्रं, म्हणजे एकूण १२ तास. त्यात ना अक्षरं होती, ना शब्द. तरी धावपळीच्या गटातल्या मुलांचा वाचनाचा वेग वाढला आणि चुका मात्र वाढल्या नाहीत. एरवी वर्षभरात आपसूक होते त्यापेक्षा ही प्रगती जास्त होती. संथ गटात असं काही दिसलं नाही.

यामागचं कारण संशोधक लक्ष देण्याच्या क्षमतेत शोधतात. वाचताना डोळ्यांना ओळीतल्या गर्दीतून हवं ते अक्षर उचलावं लागतं, शेजारची तात्पुरती बाजूला सारावी लागतात आणि लगेच पुढे सरकावं लागतं. पडद्याच्या कोपऱ्यातून ससा कधी उगवेल याचा नेम नसला की नेमकी हीच कसरत होते. मुलं वीसच होती, त्यामुळे डॉक्टरांनी उद्यापासून गेम लिहून द्यावेत असा याचा अर्थ नाही. पण इटालियनही मराठीसारखीच बरीचशी उच्चाराबरहुकूम लिहिली जाते. त्यामुळे हा प्रयोग मराठी मुलांवर कुणीतरी करून पाहण्यासारखा आहे.

‘गेम खेळून डोकं बधिर होतं’ हा समज मात्र एवढ्यानेही हलायला हवा. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या ग्रीन आणि बॅव्हेलिए यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं, की दहा दिवस रोज तासभर युद्धाचा वेगवान गेम खेळलेल्या तरुणांची नजर एकाच वेळी जास्त गोष्टी टिपू लागते. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला टेट्रिस दिला होता. तो गट मागे राहिला. २०२२ साली व्हरमाँट विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ-दहा वर्षांच्या सुमारे दोन हजार मुलांची माहिती तपासली. रोज तीन तास किंवा जास्त खेळणारी मुलं अजिबात न खेळणाऱ्यांपेक्षा दोन चाचण्यांत सरस निघाली: ऐन वेळी स्वतःला आवरणं आणि थोड्या वेळापुरती माहिती डोक्यात धरून ठेवणं. पण हे गेममुळेच झालं, की मुळात चलाख मुलंच गेमकडे वळतात, हे या अभ्यासातून ठरत नाही. संशोधकांनी तसं स्वतःच सांगितलं आहे. बातम्यांतून नेमकं तेवढंच गळतं.

‘खेळायचंच तर शैक्षणिक गेम खेळ’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. माझ्या मते सगळ्यात फसवा समज हाच. शैक्षणिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी अॅपमध्ये सात गुणिले आठ विचारतात आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवतात. म्हणजे पाढ्यांची वहीच, फक्त रंगीत. उलट ठोकळ्यांनी जग रचायच्या साध्या माइनक्राफ्टवर ‘शैक्षणिक’ असं कुठे लिहिलेलं नाही. त्यात रेडस्टोन नावाची लाल भुकटी मिळते, ती म्हणजे त्या जगातली वायरिंग. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या किल्ल्याला दूरवरच्या खटक्याने उघडणारं दार हवं असतं. ती भुकटीची रेघ ओढते, खटका दाबते, दार ढिम्म. मग कळतं की करंट पंधरा ठोकळ्यांपर्यंतच पोचतो, पुढे न्यायचा तर मध्ये रिपीटर लावावा लागतो. तो लावला की दार उघडतं. पण आता तिला उलट, खटका दाबल्यावर दार बंद व्हायला हवं असतं. त्यासाठी रेडस्टोनची मशाल लागते. तिच्यापर्यंत करंट आला की ती विझते, गेला की पेटते. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला ‘नॉट गेट’ म्हणून शिकवतात ते हेच. मुलीला ते नाव ठाऊक नसतं आणि तिचं काही अडत नाही. मधल्या वेळात पंधरा-वीसदा फसलेलं असतं ते वेगळंच. घटक चाचणीत दोन मार्क गेले तर घर डोक्यावर घेणाऱ्या आपल्याला मुलं इतक्या शांतपणे चुकताना क्वचितच बघायला मिळतात.

मारधाडीच्या गेमनी मुलं हिंसक होतात, या भीतीने तर साप साप म्हणून भुई धोपटणं चाललेलं असतं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४-१५ वर्षांच्या १००४ ब्रिटिश मुलामुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत वर्गीकरणावरून ठरवलं. दोन्हींत संबंध सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचं २०२० चं निवेदन जरा सावध आहे. ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असं ते म्हणतं. म्हणून आठ वर्षांच्या पोराला अठराच्या वरचा गेम द्यावा असं नाही. खोक्यावरचा वयाचा आकडा उगाच छापलेला नसतो.

एकलकोंडेपणाची तक्रार तर जुन्या काळातली. हल्लीच्या मुलांचे गेम बहुतेक टोळक्याने खेळायचे असतात, आणि आतल्या खोलीतून येणारा आरडाओरडा ऐकला तरी तेवढं कळतं.

व्यसनाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ही यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्याची अट कडक आहे. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान होत असूनही खेळणं थांबत नाही, आणि हे सहसा किमान बारा महिने चाललेलं असतं. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर खेळणारा मुलगा त्यात बसत नाही.

गेमच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एक गैरसमज असतो: जितकं जास्त तितकं चांगलं. ऑक्सफर्डमधल्याच एका संशोधकाने २०१४ मध्ये १० ते १५ वर्षांच्या सुमारे पाच हजार ब्रिटिश मुलांची माहिती तपासली. रोज तासाभरापेक्षा कमी खेळणारी मुलं, मुळीच न खेळणाऱ्यांपेक्षा थोडी जास्त समाधानी आणि मिळूनमिसळून राहणारी आढळली. तीन तासांच्या वर खेळणारी थोडी कमी. दोन्हीकडचा फरक मात्र अगदी लहान होता.

राहिला ‘गेम फुकट आहे, खेळू दे’ हा समज. फुकटच्या गेममध्ये पैसे जाण्याची धास्ती मात्र कमीच दिसते, आणि खरी असायला हवी ती हीच. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंद केले, ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. पण फ्री फायर मॅक्ससारख्या गेममध्ये डायमंड, म्हणजे गेममधलं चलन, टॉप-अप करून कपडे आणि बंदुकांचे रंग विकत घेणं हा जुगार नाही, खरेदी आहे. ती चालूच आहे, आणि बऱ्याच घरांत फोनला जोडलेलं खातं आई-बाबांचं असतं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे. ती चालू करायला दोन मिनिटं लागतात.