प्रवासाच्या आकडेवारीवरून नगराभ्यास

प्रवासाच्या आकडेवारीवरून नगराभ्यास ही भूगोल व नगररचना या विषयांतील एक अभ्यासपद्धती आहे. लोक कोठून निघतात, कोठे पोहोचतात, केव्हा, कशाने आणि कशासाठी जातात, यांच्या नोंदींवरून वस्ती, बाजारपेठ व कामाची ठिकाणे यांचे परस्परसंबंध तीत तपासले जातात.

पद्धती

घरोघरी केलेली पाहणी, तिकीटविक्री, रस्त्यावरील वाहनगणना आणि भ्रमणध्वनीच्या नोंदी ही या माहितीची प्रमुख साधने होत. तिच्यावरून उगम-गंतव्य सारणी तयार करतात. सारणीच्या ओळीत निघण्याचे ठिकाण, स्तंभात पोहोचण्याचे ठिकाण आणि चौकटीत प्रवाशांची संख्या असते. सकाळी भरणारी व सायंकाळी रिकामी होणारी जागा बहुधा कामाची वा शिक्षणाची असते. आठवडी बाजाराच्या गावी एकाच दिवशी ओघ वाढतो. अमेरिकेत महानगर क्षेत्रांच्या सीमा ठरविताना कामासाठी होणारी ये-जा विचारात घेतली जाते.

आष्टीचे उदाहरण

आष्टी हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) ते न्यू आष्टी ही रेल्वेसेवा २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली. बीडपर्यंत रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी पोहोचली. त्यामुळे मधल्या तीन वर्षांची केवळ रेल्वेतिकिटे पाहिल्यास आष्टीचा आपल्या जिल्हा मुख्यालयाशी काहीच संबंध नाही, असे भासेल. वस्तुतः कचेरी व न्यायालयाच्या कामांसाठी बीडला जाणारे लोक रस्त्याने जात असत. एकाच साधनाची आकडेवारी लोकांची गरज नव्हे, तर उपलब्ध मार्ग दाखविते. म्हणून रेल्वे, एस.टी. आणि खाजगी वाहने यांच्या नोंदी एकत्र पाहाव्या लागतात.

मर्यादा

२०११ च्या जनगणनेत घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर व प्रवासाचे साधन विचारण्यात आले. परंतु हा प्रश्न ‘इतर कामगार’ या वर्गापुरता होता. शेतकरी, शेतमजूर व गृहोद्योगातील कामगार त्यातून वगळले गेले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गळीत हंगाम संपल्यावर परततात. रोजच्या ये-जा मोजणाऱ्या सारणीत हे वर्षातून एकदाच होणारे स्थलांतर उमटत नाही. अशा अपुऱ्या सारणीवरून बसफेऱ्या, शाळा वा दवाखाने यांचे नियोजन केल्यास ज्यांची नोंद झाली नाही, त्यांची गरजही विचारात घेतली जात नाही.