सव्वा महिन्यानंतरचा विसावा

तशी मी काही आश्रमात रमणारी बाई नव्हे. आमच्या कराडात संध्याकाळी प्रीतिसंगमावर दहा मिनिटं बसायचं म्हटलं, तरी डोक्यात कुकरच्या शिट्ट्या. त्यात ह्यांचं चार वर्षांचं दुखणं. त्या काळात मी एक रात्र सलग झोपल्याचं आठवत नाही. ते गेले, त्यालाही दोन वर्षं झाली, पण रात्री दोनच्या औषधाला जाग येतेच.

लेक मेक्सिको सिटीत नोकरीला आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत तिच्याकडे गेले आणि तिसऱ्या दिवसापासून तिचे डबे भरायला लागले. तिनं ते पाहिलं आणि जाहीर केलं, ‘‘आई, आपण पाच दिवस एका ठिकाणी जायचंय. तिथं तू काहीही करायचं नाहीस.’’

‘‘मग करायचं काय?’’

‘‘अगं तेच. काही नाही!’’

मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला साधारण ऐंशी किलोमीटरवर तेपोस्तलान नावाचं गाव आहे. भोवती उभे कातळकडे. त्यातल्या एका कड्यावर तिथल्या जुन्या देवाचं पडकं देऊळ, आणि खाली गावात सोळाव्या शतकातला ख्रिस्ती मठ. हा मठ १९९४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. जुना देव आणि नवा देव शेजारी शेजारी नांदतात, म्हणूनच की काय, मनःशांती शोधणारी माणसं इथं फार येतात. आसपासच्या खेड्यांतून त्यांच्यासाठी अतिथिगृहं झाली आहेत. आमचं घर मातीच्या विटांचं, कौलारू. अंगणात लिंबाचं झाड आणि बोगनवेल. अशा ठिकाणी गट येतो तो आपला मार्गदर्शक घेऊनच. कधी योगाचा वर्ग, कधी चर्चमधली मंडळी. घरानं द्यायचं ते जागा, जेवण आणि शांतता. आमचा गट होता घरातल्या आजाऱ्यांची वर्षानुवर्षं सेवा केलेल्या बायकांचा. आम्ही चौदा जणी.

पहिल्याच दिवशी फोन टोपलीत जमा झाले. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. नुसतं बसायचं, नाहीतर हळूहळू चालायचं. आंघोळीला एकच बादली, कारण तिथं उन्हाळ्याआधीपासूनच टँकरची वाट पाहावी लागते. त्याचं मला काय नवल? पण रिकाम्या हातांनी बसणं काही जमेना. दुसऱ्या दिवशी हळूच उठले आणि स्वयंपाकघर गाठलं.

तिथं मात्र जीव रमला. रात्री चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत घातलेला मका धुऊन दळायचा चालला होता. ह्याला ते निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे मक्याचं साल सुटतं, पीठ चांगलं मळलं जातं आणि मक्यातलं सत्त्वही अंगी लागतं. कोमाल नावाच्या मोठ्या तव्यावर तोर्तिया फुगत होत्या. एका पातेल्यात लालभडक सरबत होतं. चाखून पाहिलं, तर आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचं! आणि भाजी? चक्क घोळ. साता समुद्रांपलीकडे घोळाची भाजी भेटली आणि माझे डोळेच भरून आले.

स्वयंपाकीणबाई साठीच्या. मी पोळपाटाकडे हात नेला, तर त्यांनी माझं मनगट धरून मला दाराबाहेर काढलं. हसून, पण काढलंच. दुपारी मौन सुटल्यावर लेकीला दुभाषी करून पुन्हा गेले. तेव्हा कुठे गप्पा सुरू झाल्या. ह्या बाई रोज पहाटे चारला उठतात. १९९५ मध्ये तेपोस्तलानात गोल्फचं मैदान होऊ घातलं होतं. आपलं पाणी त्यात जाईल म्हणून सारा गाव उठला. त्या गर्दीत ह्या लेकरू कडेवर घेऊन उभ्या होत्या. पुढच्या वर्षी तो बेत रद्द झाला.

तिसऱ्या संध्याकाळी तेमास्काल होतं. नाहुआत्ल भाषेत ‘कल्ली’ म्हणजे घर. तेमास्काल म्हणजे वाफेचं घर. ठेंगणा, गोल घुमट, आत वाकूनच शिरायचं. बाहेर लाकडांच्या जाळावर ज्वालामुखीचे दगड लाल होईस्तोवर तापवतात, ते आत मधल्या खड्ड्यात ठेवतात आणि त्यांवर औषधी पाल्याचं पाणी शिंपडतात. काळोख, वाफ आणि पाल्याचा वास. असे चार फेरे होतात. दर फेऱ्याला दार उघडून नवे दगड आत येतात. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे हे आधीच विचारून घेतलं होतं. म्हणून मला दाराशी बसवलं आणि दोन फेऱ्यांनंतर बाहेर काढलं. हृदयविकार, रक्तदाब असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्याच्या वाटेला जाऊ नये.

बाहेर त्याच बाई जाळापाशी उभ्या होत्या. मी विचारलं, ‘‘तुम्ही नाही बसत आत?’’

‘‘बसले होते की. धाकट्याच्या वेळी. अठ्ठावीस वर्षं झाली.’’

मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे बाळंतिणीला तेमास्कालात शेक देतात, पोट बांधतात, थंड पाण्याला हात लावू देत नाहीत. चाळीस दिवस. ‘क्वारेन्तेना’. मी थक्क झाले. अहो, हा तर आपला सव्वा महिना! तीच शेगडी, तेच पोट बांधणं, तोच गार वाऱ्याचा धाक. मला माझं माहेरचं अंधारं बाळंतिणीचं दालन आठवलं, आणि आठवलं की कुणीतरी आपल्याला झोपवून पांघरूण घातलं, ते तेवढ्याच वेळी. बाईला हक्काचा विसावा मिळतो तो लेकरू झाल्यावर. पुढं मग तिनंच साऱ्यांना विसावा द्यायचा. गावच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेली ही बाई स्वतःच्या घटकाभर शेकासाठी तोंड उघडत नव्हती. आणि मी तरी कुठं उघडलं होतं?

मालकीणबाईंना विचारलं, तर त्या ओशाळल्या. मनाई कधीच नव्हती. पण ‘तुम्हीही बसा’ असंही कुणी म्हटलं नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी दगड पुन्हा तापले. आमच्यातल्या चौघींनी पदर खोचला, म्हणजे ॲप्रन बांधले, आणि स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाई आणि त्यांची सून आत गेल्या. तोर्तिया काही मला जमेनात. शेवटी सरळ भाकऱ्या थापल्या. बऱ्याच वेळानं बाई चादर गुंडाळून बाहेर आल्या, चेहरा लालबुंद, केस ओले. खुर्चीत नुसत्या बसल्या. कुणाला काही वाढायला उठल्या नाहीत. मी ताट हातात दिलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘जाड झाली, कोमाद्रे.’’ कोमाद्रे म्हणजे लेकराच्या नात्यानं जोडली गेलेली मैत्रीण, असं लेकीनं सांगितलं. दोन भाकऱ्या मात्र त्यांनी खाल्ल्या.

त्या रात्री दोनला मला जाग आली नाही.

कराडला परतल्यावर सगळ्यात आधी स्वयंपाकाच्या मावशींना रविवारची सुट्टी दिली, पगार न कापता. रविवारी संध्याकाळी मी संगमावर अर्धा तास बसते. शिट्ट्या अजून ऐकू येतात. फक्त, त्यांच्यासाठी मी उठत नाही.