वारा आणि लाटा

आरमोरीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही वारा समुद्रावर काय करतो, याचा पहिला धडा गावाजवळून वाहणाऱ्या वैनगंगेच्या पाण्यावर मिळतो. झुळूक आली की पाण्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि ती थांबताच विरून जातात. परंतु वारा जोराने वाहू लागला, म्हणजे या सुरकुत्यांचाच त्याला आधार मिळतो. पाण्यावर जरा उंचवटा आला की वारा त्याला अधिक जोराने ढकलतो. आणि उंचवटा वाढेल तसा धक्काही वाढत जातो. अशा रीतीने लाट तयार होते. लाटांनी खडबडीत झालेले पाणी उलट वाऱ्यालाही अडविते व त्याचा वेग थोडा कमी करते.

लाट किती वाढेल, हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा काळ आणि त्याच्यापुढील मोकळ्या पाण्याचा विस्तार. नदीत लाट वाढण्यापूर्वीच काठ येतो. वैनगंगेचे पाणी पुढे प्राणहिता व गोदावरी यांच्यामार्गे बंगालच्या उपसागरास मिळते. तेथे मात्र असा काठ जवळ नसतो. अरबी समुद्रावरही नैर्ऋत्य मोसमी वारे आठवडेच्या आठवडे वाहतात. म्हणूनच पावसाळ्यात कोकणचा किनारा गर्जत असतो, आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून मगच होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची प्रथा पाळीत आले आहेत.

वारा दिशा बदलतो, तेव्हा लाटा त्याच्याबरोबर लगेच वळत नाहीत. जुन्या लाटा आपल्या वाटेने चालत राहतात व नव्या लाटा त्यांना आडव्या येतात. अशा वेळी कोणत्या बाजूने तडाखा बसेल, हे नावाड्यास कळत नाही. लहान होडीला तर हा प्रसंग फारच बिकट असतो.

वारा पडला, तरी मोठ्या लाटा शमत नाहीत. हिंदी महासागराच्या दूर दक्षिणेस उठलेल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर चालून केरळच्या किनाऱ्यावर येतात. तेथे वारा शांत असतानाही पाणी अचानक घरांत शिरते. तेथील लोक याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांची सूचना आधीच देते. आकाश निवळले म्हणजे समुद्रही निवळला, असे नव्हे. हे जो जाणतो, तोच सूचना मिळताच होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो.