उंबऱ्याखालचं लोखंड

गाडीच्या दारांखाली, दोन चाकांच्या मध्ये जी लांब पट्टी असते, तिला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात. माझ्या लेखी तो गाडीचा उंबरा. पुढचं चाक दगडावर चढतं, पलीकडे उतरतं आणि मग त्याच दगडावर हा उंबरा टेकतो. दिसायला भक्कम, पण आतून पोकळ पत्रा. एकदा चेपला की दार नीट लागत नाही.

पाच दारी जिम्नी घेतलेल्यांना हे लवकर कळतं. तीन दारी जिम्नीच्या पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर 2250 मिमी, आपल्याकडे मिळते तिचं 2590 मिमी. मागे बसणाऱ्यांचे पाय सुटे झाले, पण गाडीचं पोट लांबलं. जमिनीपासूनची उंची तीच, 210 मिमी. मात्र मधला उंचवटा न घासता ओलांडण्याचा कोन 28 अंशांवरून 24 वर आला.

इलाज एकच: रॉक स्लायडर, म्हणजे उंबऱ्याच्या बाजूने चासीला जोडलेला जाड पाइप. कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलवर 1953 पासून जीपवाल्यांची जत्रा भरते. त्या मुलखात घरच्या शेडमध्ये पाइप कापून स्लायडर करणं हा सुट्टीचा उद्योग आहे. आपल्याकडे बाजारात जी चकचकीत साइड स्टेप मिळते, ती पाहुण्यांना चढायला. बहुतेकदा ती पातळ पट्ट्यांवर लटकलेली असते. दगडाने खालून रेटली तर ती वर जाऊन उंबऱ्यालाच भिडते. म्हणजे राखणदारानेच घर फोडायचं. स्लायडरचे पाय चासीला जातात, बॉडीला नाही. सगळी विद्या एवढीच.

पाइप घ्यायला गेलात की टोकाजवळचा रंगाचा पट्टा बघायचा. पिवळा ए क्लास, निळा बी, लाल सी. आपल्याला लाल हवा. 40 एनबीच्या सी क्लास पाइपचा बाहेरचा व्यास 48.3 मिमी, भिंत 4 मिमीची, वजन मीटरला 4.4 किलोच्या आसपास. एका बाजूला साडेचार मीटर धरा, वर दोन सूत जाडीच्या प्लेटा. दोन्ही बाजू मिळून पन्नासेक किलो वाढतात. हाच पाइप घरगुती पाण्यालाही चालतो, म्हणून दुकानदार हमखास विचारतो, "बोअरला का?"

खरा वेळ खातात ते पाय. बाजूला किमान तीन. दोन टोकांना दोनच दिले तर मधला पाइप धनुष्यासारखा वाकतो. पाय आडवा नको, बाहेरच्या बाजूला जरा वर उचललेला हवा; म्हणजे गाडी कलली तरी स्लायडर घसरत राहतो, दगडात रुतत नाही. पायाचं टोक पाइपच्या गोलाईवर बसायला माशाच्या तोंडासारखं कापावं लागतं. आधी पुठ्ठ्याचा साचा, मग ग्राइंडर. फट राहिली की शिकाऊ वेल्डर तिथे रॉड ओततो. वरून जाड, गुळगुळीत दिसतं, पण आत पकडलेलं काहीच नसतं. माझी पहिली जोडी अशीच झाली होती. जॅक लावल्यावर एक पाय टाक्यासकट सुटून हातात आला. चूक माझीच, घाई मला होती.

चासीला थेट वेल्डिंग मी करत नाही. आतल्या बाजूने ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या जातात, वायरिंग जातं. शिवाय वॉरंटीचा प्रश्न. चासीच्या दोन्ही बाजूंना प्लेटा, वर-खाली 8.8 ग्रेडचे बोल्ट. चासीला भोकही पाडायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या फेरफारांना लगाम घालतं, तेव्हा आधी आरटीओत विचारलेलं बरं. उंबऱ्यापेक्षा फार बाहेर काढू नका, पायी चालणाऱ्याच्या पोटऱ्यांचा विचार करा.

टोकं बंद करायची, नाहीतर सह्याद्रीतला एक पावसाळा पाइपात चिखल भरतो आणि तो आतून गंजतो. मग रेड ऑक्साइड, वर काळा रंग. रंग पहिल्याच दगडावर जाणार आहे, त्यावर पैसे उधळू नका.

परीक्षा मात्र रंगाआधी. गाडी सपाटीवर, हॅन्डब्रेक, पलीकडच्या चाकांना दगडाची उटी. स्लायडरच्या बरोबर मध्ये जॅक लावून हळूहळू उचलायचं. स्प्रिंग सुटतात, मग त्या बाजूची दोन्ही चाकं जमीन सोडतात. खाली कुणी वाकायचं नाही. पाइप आणि उंबरा यांच्यात आधी होती तेवढीच बोटभर फट आहे का, ते दुरून बघायचं. असेल तर गाडी खाली घ्यायची आणि टॉर्च घेऊन एकेक टाका तपासायचा. कुठे केसाएवढी रेघ दिसली तर ग्राइंडर पुन्हा चालू.